अक्षरी गुरुवार फक्त

आमच्या इंटरनेट कंपनीने आपल्या अधिकृत पानावर पोस्ट टाकली: ‘देखभालीच्या कामासाठी गुरुवार, १४ तारखेला सकाळी १० ते सकाळी ४ सेवा बंद राहील.’ १४ तारीख बुधवारी होती. सकाळी दहानंतर सकाळी चार कधी वाजतात, हा प्रश्न मी सोडूनच दिला. कारण चौकटीच्या कोपऱ्यात अजून दिवाळीचा आकाशकंदील लोंबत होता आणि चित्राखाली मजकूर होता, ‘सर हे फायनल आहे, बघून सांगा म्हणजे टाकतो.’

सरांनी बघितलं नव्हतं.

मोठ्यांच्या घरीही हे होतं म्हणा. २०१६ साली सुपरमॉडेल नेओमी कॅम्पबेलच्या इन्स्टाग्रामवर आदिदासच्या माणसाने ‘असं काहीतरी लिहा’ म्हणून पाठवलेली सूचनाच जशीच्या तशी छापली गेली. २०१७ च्या ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे अमेरिकेतल्या सेलच्या दिवशी, मॅकडोनल्ड्सने ‘मजकूर आणि लिंक हवी’ एवढाच ऐवज ट्विट केला आणि नंतर सकाळच्या कॉफीवर विनोद करून वेळ मारून नेली. जग हसलं. हसू दे. त्या बर्गरपायी कुणाला डोंबिवलीहून दादरचा पूल चढून अंधेरी गाठायची नव्हती. मला होती, आणि घरून काम कुठल्या दिवशी करायचं नाही हे आधी ठरवायचं होतं.

पोस्टखाली नम्रपणे विचारलं, ‘नक्की बुधवार की गुरुवार?’ दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘नमस्कार! आपल्या शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार.’ सोबत जोडलेले हात. तासाभराने सरांची ओळ गायब होऊन तिथे ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ आलं. चित्र जसंच्या तसं. त्यातली अक्षरं नंतर खोडता येत नाहीत, नवं चित्र करावं लागतं. आणि नवं केलं की ते कुणीतरी वाचायला हवं!

हे सगळं मी लिफ्टपाशी बडबडत होतो, तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले काका आले. काका बँकेतून रिटायर झालेत, पण बँक त्यांच्यातून झालेली नाही.

“दाखव,” म्हणाले. फोन हातभर लांब धरला, मग चष्मा कपाळावर चढवून नाकाजवळ आणला. लिफ्ट आली. गेली.

“वार कशात लिहिलाय?”

“कशात म्हणजे?”

“अक्षरात. आणि तारीख?”

“आकड्यात.”

“मग झालं तर! एनआय ॲक्ट, म्हणजे चेक-हुंड्यांचा कायदा, १८८१, कलम १८. अक्षरी आणि आकडी रकमेत तफावत असेल तर अक्षरी रक्कम ग्राह्य. गुरुवार.”

“काका, हा चेक नाहीये.”

“चेक नाही, पण सही करणाऱ्याची दानत तीच. हे ‘एडिटेड’ काय आहे?”

मी सांगितलं, मजकूर बदलला की तसं दिसतं. काकांचा चेहरा पडला. “म्हणजे खाडाखोड. आणि खाली सही नाही?” त्यांनी फोन असा परत दिला, जणू मीच तो काउंटरवर सरकवला होता. “आमच्या वेळी खाडाखोडीजवळ पूर्ण सही लागायची. आता तर चेक वटवताना, क्लिअरिंगमध्ये, खाडाखोड जवळजवळ चालतच नाही. मी असतो तर परत पाठवला असता.”

“कुठे?”

“ज्याने काढला त्याच्याकडे.” मग आवाज खाली आणून, “पण तू गुरुवार धर.”

आता मला सांगा, अधिकृत कंपनीचं अधिकृत पान, त्यावर अधिकृत निळी खूण, आणि त्याचा अर्थ लावायला दीडशे वर्षांपूर्वीच्या आसपासचा कायदा पाठ असलेला शेजारी लागतो. अशी सोय सगळ्यांच्या दारासमोर नसते. पोस्ट तीन ओळींची. ती टाकण्याआधी कुणीतरी एकदा मोठ्याने वाचली असती तर भागलं असतं. बिलाच्या मेसेजात मात्र वार, तारीख, पैसे, सगळं बिनचूक. तिथले सर बघतात वाटतं.

बुधवारी घरी बसलो, नेट ठणठणीत. गुरुवारी लटकत अंधेरी गाठली; बायकोने कळवलं, नेट कालच्यापेक्षा फास्ट आहे. शुक्रवारी निर्धास्तपणे घरून मीटिंगला बसलो, आणि दहाच्या ठोक्याला साहेबांचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच.

तणतणत दार उघडलं. काका पेपर वाचत दारातच बसले होते.

“काका, गुरुवार म्हणालात ना? आज गेलं!”

“गुरुवारचाच आहे तो,” पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले. “आमच्या वेळी क्लिअरिंगला एक दिवस लागायचा.”