तीन कोर्टांचा हिशोब

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत टेनिस कोर्ट तोडून पॅडलची तीन कोर्टं करायचा विषय एजीएमपुढे आहे. पॅडल म्हणजे काचेच्या भिंतींच्या आत चौघांनी खेळायचा टेनिससारखा खेळ. बाजूने बोलणारे म्हणतात, "युरोपात बघा, जिकडेतिकडे पॅडल." विरोधक म्हणतात, हे श्रीमंतांचं फॅड. इथे स्वीडनमधल्या माल्मोत बसून सोसायटीच्या ग्रुपवर हे वाचलं की चिडचिड होते. युरोपाचा दाखला देणाऱ्यांपैकी एकानेही स्वीडनमध्ये पुढे काय झालं हे विचारलेलं नाही.

कोरोनाच्या काळात इथे पॅडलचं पेव फुटलं. फुटबॉलपटू झ्लाटान इब्राहिमोविचनेसुद्धा पॅडलचे हॉल काढले. संध्याकाळी मॅची या बुकिंग अ‍ॅपवर स्लॉट मिळेना, म्हणून जो तो आणखी कोर्टं टाकत गेला. पण भाडं आणि हीटिंग दिवसभराचं, गर्दी मात्र कामावरून सुटल्यानंतरच्या चार तासांची. 2022 पासून दिवाळखोरीची रांग लागली. लोक आजही आवडीने खेळतात, मीही या खेळाच्या बाजूचा आहे. मग संध्याकाळची वेटिंग लिस्ट दाखवून "वर्षात पैसे वसूल" असं कमिटीला कसं सांगता?

आता जागा. कडेच्या मोकळ्या पट्ट्यांसह टेनिस कोर्टाला साधारण 36.57 बाय 18.29 मीटर लागतात. पॅडलचं कोर्ट 20 बाय 10. तीन कोर्टं शेजारी शेजारी आडवी टाकायची तर रुंदी 20 मीटर हवी. इथे पावणेदोन मीटर कमी पडतात. उभं टाकलं तर एकच बसतं. म्हणजे कुंपण सरकणार आणि पार्किंग नाहीतर मुलांची बाग जाणार. ठरावात याचा उल्लेख हवा होता.

काचेबद्दल तर कोणी बोलतच नाही. 2 बाय 3 मीटरची, 12 मिमी जाडीची एक टफन्ड काच 180 किलो भरते. खालचं काँक्रीट एका पातळीत नसेल आणि फिटरने बोल्ट जास्त आवळला, तर भोकाच्या कडेला ताण साठतो. मग चेंडू न लागताही काच एखाद्या दुपारी फुटून तिचा चुरा होतो. काच आणि लोखंड यांच्यामध्ये रबर किंवा नायलॉनचं वॉशर हवंच. पावसाळ्यात ओल्या काचेवरून चेंडू उसळत नाही, घसरतो, आणि टर्फमधली, म्हणजे खालच्या कृत्रिम गवतातली, सिलिका वाळू वाहून एका कोपऱ्यात जमते. छत घालायचं तर आत किमान 6 मीटर मोकळी उंची लागते आणि महापालिकेची परवानगीही.

आणि आवाज. पॅडलच्या रॅकेटला तार नसते, त्यामुळे प्रत्येक फटका टणक वाजतो. शिवाय चौघांचा आरडाओरडा. बेडरूमच्या खिडक्यांखाली रात्री दहापर्यंत हे चालणार.

"तिकडे बसून सल्ले देऊ नका," असं ग्रुपवर कोणीतरी म्हणणारच. एजीएमला मी हजर नसतो, मला मतदान करता येत नाही, हे खरं. पण मेंटेनन्स माझ्याही नावावर जातो, आणि ते घर मी अजून विकलेलं नाही, विकायची इच्छाही नाही. म्हणून मागतो: सही करण्याआधी ठेकेदाराकडून जागेचा मोजलेला नकाशा आणि काचेची लेखी वॉरंटी घ्या, आणि सुरुवातीला एकच कोर्ट टाका.