शूच्या जागेचं मराठी

माझी मुलगी आठ वर्षांची. इथं नेदरलँड्समध्ये, उट्रेख्टला, मार्चमध्ये तिच्या शाळेत ‘लेंटेक्रीबल्स’चा आठवडा असतो, म्हणजे वसंतातल्या गुदगुल्या; शरीर, नाती, लैंगिकता यांविषयी शिकवण्याचा. त्यात तिनं एक कागद रंगवला: कुणी हात लावलेला चालतो तिथं हिरवा रंग, चालत नाही तिथं लाल. गाल लाल होते. “आजी सारखे ओढते.”

तो कागद मी फॅमिली ग्रुपवर टाकला आणि इंदूरला, रामबागेतल्या घरी, भडका उडाला. काका म्हणाले, “ही तुमच्या तिकडची थेरं.” लैंगिक शिक्षण म्हणजे पाश्चात्त्य खूळ, हा गैरसमज असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2024 मध्ये म्हटलं, तेव्हाही काकांनीच ती बातमी ग्रुपवर पाठवली होती, वर “आता हेच बाकी होतं!” असं लिहून. भाचीच्या शाळेत तर बाई प्रजननाचा धडा “घरून वाचून या” म्हणतात.

तिकडचं कसलं? र. धों. कर्वे 1927 पासून मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक विषयांवरचं मासिक काढत होते, चक्क मराठीत. वाचक पत्रातून विचारायचे, ते उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरूनच 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. बाबासाहेबांचा जन्म महूचा, आमच्या घरापासून तासाभरावर. काका दर 14 एप्रिलला तिथं जाऊन येतात, पण हा खटला त्यांच्या कानावरच नव्हता.

इथलंही फार कौतुक नको. 2012 पासून प्राथमिक शाळांना हा विषय घ्यावाच लागतो, तरी 2023 मध्ये याच आठवड्यावरून अफवा पिकल्या, पालक खवळले. आणि मी? डच शब्द मुलीला सहज सांगते, मराठीत ‘शूच्या जागे’पुढे जीभ वळत नाही. पुस्तकातले शब्द संस्कृत, गल्लीतले शिव्या, मध्ये सगळा शुकशुकाट. म्हणून मला वाटतं, नुसत्या शरीराच्या आकृत्या शिकवून भागणार नाही. ही लाज आली कुठून, मोठ्यांना ‘नको’ कसं म्हणायचं, हाही अभ्यासाचाच भाग आहे. तो डच पुस्तकाच्या भाषांतरानं व्हायचा नाही. त्यात गाल ओढणाऱ्या आत्या-मावश्याच नाहीत.

ग्रुप थंडावल्यावर आईचा वेगळा मेसेज आला: “गाल खरंच लाल केले का गं तिनं?”

हो म्हटलं. बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत राहिलं.

“पापा चालेल का, विचार तिला.”