चोरी करावी, पण नकाशा पाहून

अमेरिकेत चोरी करायला निघालात? मग हातमोजे, तोंडाला बांधायचा रुमाल वगैरे नंतर. आधी नकाशा घ्या. गुन्हा किती मोठा, हे तिथं चोराच्या हातापेक्षा राज्याच्या हद्दीवर ठरतं. 2,400 डॉलरचा टीव्ही टेक्सासातच उचला. तिथली बड्या गुन्ह्याची मर्यादा 2,500ची, म्हणजे प्रकरण किरकोळात. (किरकोळ म्हणजे वर्षभर तुरुंग होऊ शकतो, पण 'फेलनी'चा, म्हणजे बड्या गुन्ह्याचा, शिक्का बसत नाही. तो बसला की नोकरी, भाड्याचं घर, काही राज्यांत मतदानसुद्धा विसरायचं.) न्यू जर्सीत मात्र 200 डॉलरपासूनच बडा गुन्हा. तिथं एखादं बरं जाकीटही परवडत नाही, चोरायलासुद्धा.

मुहूर्तही बघा. व्हर्जिनियात 1980 पासून 2018 पर्यंत मर्यादा 200 डॉलरवर ठाम उभी होती. दूध वाढलं, पेट्रोल वाढलं, घरभाडं वाढलं. मर्यादा हलली नाही. 1980चे 200 म्हणजे 2018चे सहाशेच्या वर. शहाण्या चोरानं अशा ठिकाणी महागाईचा निर्देशांक पाहून दरवर्षी थोडं थोडं कमी चोरायला हवं होतं. ते जमलं नाही, आणि खिशात मावणाऱ्या फोनपायी वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं कलम लागायला लागलं. पुढे आमदारांना दया आली: 2018 साली 500, 2020 साली 1,000. चोर होता तिथंच होता, बढती-पदावनती सगळी डॉलरची.

मर्यादा वाढवली की चोर कॅल्क्युलेटर घेऊन दुकानात शिरतील, अशी भीती घालणारे भेटतील. त्यांचा मान राखा, कॅल्क्युलेटर घ्याच. कारण 2000 ते 2012 या काळात मर्यादा वाढवलेल्या 30 राज्यांचा 'प्यू' या अमेरिकी संशोधन संस्थेनं अभ्यास केला, तर चोऱ्यांवर काही परिणामच दिसला नाही. चोर कायदा वाचतच नाहीत, दुसरं काय! धंद्यात इतका निष्काळजीपणा बरा नव्हे.

कॅलिफोर्नियाच्या 950 डॉलरवरही विसंबू नका. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या मतदारांनी ठरवलं, की आधी दोनदा चोरीत दोषी ठरलेल्यावर तिसऱ्या वेळी रक्कम कितीही असो, फेलनी लावता येईल.

आणि तुम्ही पुण्या-नागपुराहून विद्यार्थी व्हिसावर गेला असाल, तर नकाशा, निर्देशांक, कॅल्क्युलेटर सगळं परत बॅगेत टाका. चोरीपायी व्हिसा रद्द होऊ शकतो, असं भारतातल्या अमेरिकी दूतावासानं 2025 मध्ये बजावून ठेवलंय. त्यात मर्यादेचा आकडा दिलेला नाही.