डिक ॲलनच्या सहीखाली 'एचओएफ'? कसं शक्य आहे?

आज लिलावाच्या एका यादीत अमेरिकन बेसबॉलपटू डिक ॲलनची सही असलेला बेसबॉल दिसला. सहीखाली, त्याच शाईत, 'एचओएफ', म्हणजे हॉल ऑफ फेम, बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचं सन्मानदालन. वर विकणाऱ्याची ग्वाही, शंभर टक्के अस्सल! अहो, ॲलन गेला 7 डिसेंबर 2020 ला आणि हॉल ऑफ फेमसाठी त्याची निवड जाहीर झाली 8 डिसेंबर 2024 ला. ती तीन अक्षरं लिहायला तो वरून खाली आला होता का?

हॉल ऑफ फेमच्या निवड समितीत 16 जण, निवडीला 12 मतं लागतात. 2014 मध्ये त्याला मिळाली 11. 2021 मध्ये, तो गेल्यावर, पुन्हा 11. शेवटी 2024 मध्ये 13. आकडे तेच, 351 होमरन, 1964 चा सर्वोत्तम नवोदित, 1972 चा अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वात मोलाचा खेळाडू. खेळ थांबल्यावर त्यात एका धावेचीही भर पडलेली नाही. मग हेच 2014 मध्ये का दिसलं नाही?

फिलाडेल्फियात घरच्याच मैदानावर प्रेक्षक त्याला वस्तू फेकून मारायचे. म्हणून हा गडी क्षेत्ररक्षण करतानाही हेल्मेट घालायचा. बेसबॉलमध्ये हेल्मेट बॅटिंगला लागतं. याला ते आपल्याच लोकांपासून वाचायला लागलं.

मान्य, तो सोपा माणूस नव्हता. सप्टेंबर 1974 मध्ये हंगाम संपायच्या आधीच त्याने शिकागो व्हाइट सॉक्स सोडला. तरी 32 होमरन मारून त्या वर्षी लीगमध्ये पहिला तोच. बास, एवढंच मान्य.

आता ज्यांना त्याची बेसबॉल कार्डं, म्हणजे खेळाडूचा फोटो छापलेली कार्डं, घ्यायची आहेत त्यांच्यासाठी. सगळे धावतात टॉप्स कंपनीच्या 1964 च्या 243 क्रमांकाकडे, कारण ते रुकी कार्ड, म्हणजे तो नवोदित असतानाचं. पण त्यावर दोन छोटे चेहरे आहेत, दुसरा जॉन हर्नस्टीनचा. घ्यायचंच असेल तर आधी मोजा. अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे 63.5 बाय 88.9 मिलिमीटर. कोपरे धारदार आणि माप कमी, तर कडा कापल्याचा संशय घ्या. मग दहापट भिंग लावा. जुन्या छपाईत फोटो रंगीत ठिपक्यांचा दिसतो, पण अक्षरांची कड सलग असते. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंही ठिपक्यांत फुटतात.

माझं मत विचाराल तर 1971 चं 650 क्रमांकाचं घ्या, तो डॉजर्स संघात असतानाचं. त्या संचाच्या कडा काळ्या असल्यामुळे जरा घासलं की खालचा पांढरा पुठ्ठा दिसतो, आणि लबाड लोक तिथे काळं मार्कर फिरवतात. कार्ड दिव्याखाली तिरपं धरा. मार्करची चमक छापील शाईपेक्षा वेगळी पडते. मग बाजूची जाड कड बघा. तिथे पुठ्ठ्यात काळं मुरलेलं दिसलं तर परत करा, घासाघीस नको. ठेवताना आधी पातळ प्लास्टिकची स्लीव्ह, मग टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट. स्लीव्हच्या तोंडाचा एक कोपरा कात्रीने किंचित तिरका कापा, म्हणजे आत सरकवताना कार्डाची टोकं अडत नाहीत.

स्वस्तात हवं असेल तर 1973 चं 310. त्याच्यावर 'डिक' छापलंय. 1965 च्या कार्डावर 'रिची' आहे, जे नाव त्याला आवडायचं नाही. तो सांगत राहिला आणि वर्षानुवर्षं ते तसंच छापलं गेलं. डोक्यावर हेल्मेट घालून उभ्या असलेल्या माणसाचं एवढं तरी ऐकायचं होतं.

2024 मध्ये ॲलनबरोबरच निवडल्या गेलेल्या डेव्ह पार्करच्या सहीखाली 'एचओएफ' असू शकतं, कारण तो निवडीनंतर जून 2025 पर्यंत हयात होता. सोहळा जुलैत, तोही त्याला दिसला नाही. पण पार्करचं कारण पुढे करून कुणी ॲलनची तसली सही गळ्यात मारायला आलं, तर त्याला फक्त दोन तारखा विचारा.