अण्णांचा हेतू आणि माझी झोप

आमच्या घरात भुताला कोणी भीत नाही. भूत येतं, पडदा हलवतं, कुत्र्याला भुंकायला लावतं आणि जाहिराती लागायच्या आत निघून जातं. मला धास्ती असायची ती अकरा वाजता भाग संपल्यावर सुरू होणाऱ्या चर्चेची. ती जाहिरातींनीही थांबत नसे.

मी मूळचा बार्शीचा. आमच्याकडे भुतांपेक्षा पाण्याच्या टँकरची वाट जास्त बघितली जाते. लग्न झालं कुडाळच्या मुलीशी, संसार थाटला डोंबिवलीत. 2019 च्या जानेवारीत सासूबाई गुडघ्याच्या उपचारासाठी आमच्याकडे राहायला आल्या आणि त्याच महिन्याच्या 14 तारखेला टीव्हीवर ‘रात्रीस खेळ चाले’चं दुसरं पर्व सुरू झालं. हा योगायोग होता असं बायको म्हणते. माझा विश्वास नाही.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही (असा मराठी माणूस मला अजून भेटायचाय), त्यांच्यासाठी सांगतो. 2016 साली पहिलं पर्व आलं तेव्हा वाड्याचे मालक अण्णा नाईक सुरुवातीलाच वारले आणि पुढचे आठ महिने वाड्यातली उरलेली मंडळी एकमेकांकडे संशयाने बघत बसली. दुसऱ्या पर्वात मालिका मागे गेली आणि अण्णा जिवंत होते ते दिवस दाखवू लागली. म्हणजे अण्णा मरणार हे ठाऊक, ज्या बाईकडे ते चोरून जायचे ती शेवंता मरणार हे ठाऊक, त्यांची बायको माई मागे राहणार हेही ठाऊक. आता काय होणार, हा प्रश्नच निकालात निघाला. उरलं एकच, का? आणि ‘का’ हा प्रश्न आमच्या घरात एकदा शिरला की तो पाहुण्यासारखा जेवूनच जातो.

चर्चेला चौघं कायमचे. सासूबाई, बायको, आठवीतली मुलगी आणि समोरच्या फ्लॅटमधले तात्या. तात्या निवृत्त तलाठी. त्यांच्याकडे मोठा टीव्ही आहे, पण तिथे त्यांची सून दुसरी मालिका बघते, म्हणून ते साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना आमच्याकडे चपला काढायचे. मी पाचवा. माझं काम चहा करणं आणि शेवटी दोषी ठरणं.

सासूबाईंची भूमिका पहिल्याच रात्री स्पष्ट झाली. पडद्यावर कंदील विझला आणि मी आपलं सहज म्हणालो, “हे भूत नक्की कशासाठी येतंय?”

“जावयबापू,” त्या म्हणाल्या, “भूत उगाच येणा नाय. तेचा कायतरी रवलेला असता.”

मग त्यांनी मला कोकणातलं भूतशास्त्र समजावलं आणि खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला या विषयात काही तर्क दिसला. आपल्या भुतांचं नाव घेतलं की त्यांचं दुखणं कळतं. मुंजा म्हणजे मुंज झाली, लग्न व्हायचं राहिलं. तो पिंपळावर बसणार आणि चिडचिड करणार, साहजिक आहे. समंधाचा जीव धनात किंवा घरात अडकलेला. चकवा तुमची वाट चुकवतो आणि पहाटेपर्यंत त्याच बांधावरून फिरवतो, त्याला दुसरं काही नको. देवचार तर जवळजवळ सरकारी नोकरच. हद्द राखतो, रात्रीची राखण करतो. “तेका विडी ठेवली, नारळ दिलो, की तो आपल्या वाटेन जाता,” सासूबाई म्हणाल्या. देवळात गाऱ्हाणं घालायची पद्धतही तशीच रोखठोक. कुठे काय चुकलं असेल ते पदरात घे, काय द्यायचं राहिलं ते सांग. एवढा सरळ व्यवहार मला बँकेतसुद्धा कोणी दिलेला नाही.

“पण त्या शेवंताक काय होया होता, ता सांगा बघू?” असं म्हणून त्यांनी पानाचा डबा उघडला. डबा उघडला म्हणजे सभा सुरू.

शेवंताला काय हवं होतं, यावर आमच्या घरात मार्च महिना गेला. मुलीचं म्हणणं, तिला प्रेम हवं होतं आणि अण्णा टॉक्सिक होता. सासूबाईंनी तो शब्द दोनदा विचारून घेतला आणि ताकाशी त्याचा काही संबंध नाही हे कळल्यावर सोडून दिला. बायकोचं म्हणणं, तिला मान हवा होता. चोरून येणाऱ्या माणसाने दिवसा, चारचौघांत आपल्या दारात यावं, एवढंच. हे बोलताना तिने माझ्याकडे का पाहिलं ते मला कळलं नाही. मी रोज दिवसाच घरी येतो, कधीकधी तर फारच लवकर, अशी तिचीच तक्रार असते.

तात्यांनी मात्र चष्मा पुसला आणि एका शब्दात विषय संपवला. “वारस.”

तात्यांची छत्तीस वर्षं तलाठी सजांवर गेली. त्यांना माणूस दिसतच नाही, सातबारा दिसतो. वर गाव नमुना सात, म्हणजे जमीन कोणाची. खाली बारा, म्हणजे तीत पिकतं काय. मधल्या जागेत, तात्यांच्या मते, सगळ्या मानवी भावना बसतात. “हे बघा, 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने पहिली बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न शून्य. शेवंताला लग्न लावूनही मिळणार काय? काही नाही. पण अशा लग्नातल्या लेकराला आईबापाच्या मालमत्तेत हक्क आहे! कलम सोळा! म्हणजे शेवंताला नाही, पण तिच्या मुलीला, सुषमाला, वाटा. लग्नच लागलं नाही, तर तोही नाही. आता कळलं का ती अण्णांच्या मागे का लागली?”

शांतता पसरली. मालिकेच्या पार्श्वसंगीताने जे साधलं नव्हतं ते कलम सोळाने साधलं. मुलीच्या अंगावर खरोखर काटा आला.

“मगे नाईकांच्या वाड्यात नावा किती लागली असती?” सासूबाईंनी हळू आवाजात विचारलं. त्यांच्या स्वतःच्या माहेरच्या सामाईक जमिनीवर किती नावं आहेत हे तात्यांनी नंतर ऑनलाइन काढून दाखवलं, तेव्हा त्या पडद्यावरच्या हडळीकडे बघत होत्या त्यापेक्षा जास्त घाबरल्या. त्यातली निम्मी माणसं वारलेली होती. वारस नोंद कोणी केलीच नव्हती. कागदावर ती सगळी अजून तिथेच नांदत होती.

माईंचं प्रकरण जास्त नाजूक. नवऱ्याचं सगळं माहीत असून ही बाई वाड्यात राहते का? मी म्हणालो, सवयीने. हे माझं वर्षातलं सर्वात महाग पडलेलं वाक्य.

“सवयीने?” बायको म्हणाली.

“म्हणजे मालिकेत,” मी म्हणालो.

“माई जातली खय?” सासूबाई मध्ये पडल्या. “घर तिचा, चूल तिची, झिल तिचे. तिना कित्याक जावचा? जाऊचा तर त्या अण्णान जावचा!” आणि माई झालेल्या शकुंतला नरे यांनी नुसत्या पापण्या खाली करून जे काही सांगितलं होतं, ते बायकोने पुढची चाळीस मिनिटं शब्दांत मांडलं. माईंचं गप्प बसणं म्हणजे दुबळेपणा नव्हे, तो हिशेब आहे. ती एकेक गोष्ट मनात नोंदवत असते. “बायका विसरत नाहीत,” ती म्हणाली. मग 2007 सालच्या गणपतीत मी तिच्या मामाला स्टेशनवर घ्यायला गेलो नव्हतो, तो भाग पुन्हा प्रक्षेपित झाला.

इथपर्यंत तरी ठीक होतं. पण हेतू शोधायची एकदा चटक लागली की माणूस पडद्यापुरता थांबत नाही. मी भाजी आणायला स्वतःहून निघालो तर बायको विचारायची, “का?” मी दाढी केली तर मुलगी आजीकडे बघायची. ऑफिसातून येताना अर्धा किलो चिकू आणले, तर तात्यांनी ते हातात घेऊन, फिरवून बघितले आणि म्हणाले, “हं.” मी अण्णा नाईक नव्हे हो! अण्णा झालेल्या माधव अभ्यंकरांसारखी नजर आणि मिशी मला असती तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझी पार्किंगची जागा गेली असती का?

अशा वेळी मला पांडू सापडला.

पांडू हा वाड्यातला अर्धवट समजला जाणारा माणूस. काही अडचणीचं विचारलं की तो डोकं खाजवतो आणि म्हणतो, “इसरलंय.” बस. पुढे प्रश्नच उरत नाही. आमच्या सभेत पांडूवरून दोन तट होते. मुलगी म्हणायची तो खरंच भोळा आहे. सासूबाई म्हणायच्या, “भोळो? तो सगळ्यांचो बापूस आसा. सोंग करता नुसता.” मला सासूबाईंचं पटायचं, कारण पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखकांपैकी एक आहेत. म्हणजे इतरांनी काय बोलायचं ते लिहायचं आणि स्वतःवर वेळ आली की विसरलो म्हणायचं! इतकी सुखाची जागा मराठी लेखकाला यापूर्वी कधी मिळाली असेल असं वाटत नाही.

मी हे तंत्र घरी वापरून पाहिलं. लाईटबिल भरलंस का? इसरलंय. कोथिंबीर? इसरलंय. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, “आज रात्री जेवायला काय आहे ते मीही इसरलंय.” आणि तंत्र तिथेच मिटलं.

एप्रिलमध्ये खाज्याचं प्रकरण घडलं. कुडाळहून मेहुण्याने खाजा पाठवला होता. बेसनाच्या जाड शेवेसारख्या कांड्या, त्यांवर गुळाचं आणि आल्याचं कडक कवच. डबा गच्च भरलेला होता. आठवडाभरात तो निम्मा झाला. मोजून कोणीच खाल्ला नव्हता. त्या रात्री वाड्यात काय झालं याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. भाग संपला आणि डबा मधोमध टीपॉयवर ठेवला गेला.

संधी कोणाला? सगळ्यांना. हेतू कोणाला? तात्या म्हणाले, “हेतू फक्त सासरच्या मालावर डोळा असलेल्या माणसाला.” मुलगी म्हणाली, बाबा ताण आला की खातात. बायको काही बोलली नाही, तिने माईंसारख्या पापण्या खाली केल्या. आणि सासूबाईंनी, ज्यांना मी स्वतः गुडघ्याच्या डॉक्टरकडे रिक्षाने नेऊन आणत होतो, त्या सासूबाईंनी निकाल दिला. “देशावरच्या माणसाक खाजो दिसलो काय तेचो हात रवणा नाय. मागून घ्या, जावयबापू. चोरून कित्याक?”

मी शपथ घेतली. शपथेचाही हेतू तपासला गेला.

त्यानंतर दोन-तीन रात्रींनी मला जाग आली. अडीच वाजले असतील. बाहेर रातराणीचा वास वगैरे काही नव्हता, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज होता. आणि त्याखाली, घरातूनच, दुसरा एक आवाज.

कट्ट.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, कट्ट.

मी बार्शीचा माणूस, भूत मानत नाही. तरी उठताना मी बायकोच्या अंगावरची चादर जरा माझ्याकडे ओढून पाहिली, ती उठली तर बरं म्हणून. ती उठली नाही. मोबाईलची बॅटरी लावली, तिच्यावर बोट धरलं, म्हणजे उजेड लालसर पडला आणि सगळंच जास्त भयाण दिसायला लागलं. स्वयंपाकघराच्या दारात पोचलो. ओट्याशी एक पांढरी आकृती पाठमोरी उभी होती. केस मोकळे. डावा हात ओट्यावर टेकलेला, बहुधा गुडघ्यामुळे. उजवा हात डब्यात.

कट्ट.

बोट बाजूला केलं. सासूबाई वळल्या. त्यांच्या ओठांवर गुळाची पापडी चिकटली होती. त्यांची साखर उपाशीपोटी एकशे नव्वद आहे, हे फ्रिजवर चुंबकाने लावलेल्या कागदावर त्यांच्या डोक्याच्या अगदी शेजारीच लिहिलेलं होतं.

“आई,” मी म्हणालो, “काळोखात कशाला?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. मग अत्यंत निरागस चेहऱ्याने डोकं खाजवलं.

“इसरलंय,” त्या म्हणाल्या.

अपूर्वा नेमळेकरांनी शेवंता केली, अभ्यंकरांनी अण्णा केला, पण असा पांडू मी पाहिला नाही. आम्ही दोघं थोडा वेळ तसेच उभे राहिलो. मग त्यांनी डब्यातली सर्वात लांब कांडी निवडली, पदराने पुसली आणि माझ्या हातात ठेवली. देवचाराला विडी देतात तशी. मी ती घेतली आणि आपल्या वाटेने गेलो. दुसऱ्या दिवशी फ्रिजवरच्या कागदाकडे मी त्यांचं लक्ष वेधलं. त्यांनी मान डोलावली आणि एका कांडीची निम्मी कांडी केली. माझ्या वाटणीला मात्र रोज अख्खी येऊ लागली.

त्या रात्री साडेदहाला सभा भरली. पडद्यावर पांडू पुन्हा काहीतरी विसरला. तात्या नेहमीप्रमाणे म्हणाले, “लबाड आहे, सोंग करतोय.” आणि सासूबाईंकडे बघून पुढचा ठोका पडायची वाट पाहू लागले.

“नाय हो,” सासूबाई म्हणाल्या. “बिचारो खरोच इसारता. आणि खाज्याचा म्हणशात तर तो मुंगयेनी खाल्लो असतलो. जावयांका उगाच बोललंय मी.”

तात्यांनी चष्मा काढला. बायकोने टीव्हीचा आवाज बंद केला. मुलगी सरळ होऊन बसली.

“काल-परवापर्यंत तर तुम्ही...” तात्या म्हणाले. “एकदम मत बदललंत. यामागे हेतू काय?”

“तात्यांनु,” सासूबाई म्हणाल्या, “चाय घेतलात मा?”

तात्यांनी त्यांच्यावरची नजर काढून माझ्याकडे वळवली. बायकोनेही. मी पांडूकडे एकटक पाहत राहिलो. मला उत्तर देता येत नव्हतं. माझ्या तोंडात आजची कांडी होती, आणि चावली असती तर कट्ट झालं असतं.