इम्प्लांट बसवलं म्हणजे अंगावरचं दूध बंद?

‘स्तनात इम्प्लांट बसवलं की पान्हा आटतो. दूध आलंच तरी त्यात सिलिकॉन उतरतं. पाजलंत तर आकार बिघडून लाखांचा खर्च पाण्यात. त्यापेक्षा सरळ वरचं दूध सुरू करा.’ हा मजकूर फोनाफोनांवर फिरतो आहे. इम्प्लांट म्हणजे आकार वाढवायला स्तनात बसवतात ती सिलिकॉनची पिशवी. मजकुरातला एकेक दावा तपासू.

‘पान्हा आटतो.’ इम्प्लांट दुधाच्या ग्रंथींच्या आत नव्हे, मागे बसतं: ग्रंथी आणि छातीचा स्नायू यांच्यामध्ये किंवा स्नायूखाली. त्यामुळे बहुतेकींना दूध येतं. किती, हे बरंचसं छेद कुठे घेतला यावर ठरतं. स्तनाखालच्या घडीत किंवा काखेत असेल तर दुधाच्या नलिका सहसा शाबूत राहतात. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने असेल तर धोका जास्त, त्यातही खालच्या-बाहेरच्या बाजूला. स्तनाग्राला संवेदना देणारी मुख्य नस तिथूनच आत शिरते. समोरून पाहिलं तर डाव्या स्तनात घड्याळातल्या चारच्या, उजव्यात आठच्या जागी. ती दुखावली की बाळ ओढत असूनही मेंदूकडे पुरता निरोप जात नाही, ऑक्सिटोसिन हे दूध उतरवणारं संप्रेरक कमी सुटतं आणि तयार झालेलं दूध उतरत नाही. नस सावरायला महिने, कधी दोनेक वर्षं लागतात. म्हणून संवेदना परत आलेली असणं हे चांगलं लक्षण.

निव्वळ अंगावर पाजणाऱ्यांचं प्रमाण इम्प्लांट असलेल्यांत कमी आढळतं, हे मात्र खरं. पण काहींच्या ग्रंथी मुळातच अपुऱ्या असतात: स्तन नळीसारखे, दोहोंत चार सेंटिमीटरहून जास्त अंतर, गरोदरपणातही वाढ नाही. आकार लहान वाटला म्हणूनच त्या शस्त्रक्रियेकडे वळलेल्या असू शकतात. इम्प्लांटने आकार येतो, ग्रंथी वाढत नाहीत.

‘दुधात सिलिकॉन उतरतं.’ 1998 साली टोरांटोत हे मोजलं गेलं. नमुना लहान होता, पण आकडे बोलके आहेत. सिलिकॉनमधल्या मूलद्रव्याचं प्रमाण इम्प्लांट असलेल्या आयांच्या दुधात मिलिलिटरला सरासरी 55 नॅनोग्रॅम, नसलेल्यांत 51. गाईच्या दुधात 709 आणि डब्याच्या दुधात सुमारे 4,400! पोटात वायू धरला म्हणून बाळाला देतात त्या थेंबांतलं सिमेथिकोनही सिलिकॉनच असतं.

‘आकार बिघडतो.’ स्तन ओघळतात ते वय, गरोदरपणांची संख्या, वजन आणि धूम्रपान यांमुळे. पाजण्याने नाही.

‘सरळ वरचं दूध.’ इथे खरं नुकसान होतं, कारण बाळाने ओढलं नाही तर दूध बनणं कमी होतं. जन्मानंतर पहिल्या तासात बाळ छातीशी घ्या, चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजा. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती दाटते आणि आत इम्प्लांटने जागा व्यापलेली असल्याने फारच ताठरते. काळसर भाग कडक झाला की बाळाला तोंडात पकडता येत नाही. पाजण्याआधी बोटांची टोकं स्तनाग्राच्या बुडाशी ठेवून मिनिटभर आतल्या बाजूला हलका दाब द्या, हाताने थोडं दूध काढा, मग बाळ लावा. नंतर गार फडकं. तुटलेल्या नलिकेमागे गाठ राहिली तर रगडू नका. दुधाला वाट नसेल तिथे ते बनणं आपोआप थांबतं. ताप आणि लालसर चट्टा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, पण पाजणं थांबवू नका.

दूध पुरतं की नाही हे छाती चाचपून कळत नाही. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी ओली लंगोटी आणि तीन-चार पिवळ्या शी हव्यात. दोन आठवड्यांत जन्मवजन भरून यावं. वजन जन्मवजनापेक्षा 10 टक्क्यांनी उतरलं तर वाट पाहत बसू नका, वरचं दूध लागू शकतं. मात्र ते बाळ छातीशी असतानाच बारीक नळीने द्या आणि पाजल्यावर 10-15 मिनिटं पंप लावा, म्हणजे ओढ कायम राहते. अर्धं अंगावरचं, अर्धं वरचं हेही पाजणंच आहे.