नंबरप्लेट वाचणारा उपग्रह?

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: ‘आपले उपग्रह चोवीस तास सीमेवर लाइव्ह नजर ठेवतात, गाडीची नंबरप्लेटसुद्धा वाचतात. युद्ध पेटलंच तर मिशन शक्तीसारखे शत्रूचे उपग्रह पाडू, की तो आंधळा!’ यामागचा अभिमान मला कळतो, माझाही तोच आहे. पण याच समजुतीतून उद्या ‘एवढे उपग्रह असताना घुसखोर दिसले कसे नाहीत?’ म्हणून जवानांना बोल लावले जातात. म्हणून हे लिहितोय.

नंबरप्लेटचं आधी. २०१९ साली सोडलेल्या कार्टोसॅट-३ च्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे २५ सेंटिमीटर. गाडीची पाटी ५० बाय १२ सेंटिमीटरची, म्हणजे अख्खी पाटी जेमतेम दोन ठिपक्यांत आली. शिवाय ती उभी असते आणि कॅमेरा वरून बघतो. ट्रक किती, धावपट्टी वाढली का, नवे खंदक कुठे, हे मात्र छान दिसतं, आणि सैन्याला तेच हवं असतं.

‘चोवीस तास लाइव्ह’ ही खरी मोठी चूक. दिवेलागणीनंतर गच्चीवर उभं राहिलं की कधीकधी एखादा चमकता ठिपका सरकताना दिसतो आणि पाच-सहा मिनिटांत नाहीसा होतो. टेहळणी उपग्रहही असेच धावतात, सेकंदाला साडेसात किलोमीटर. दीड तासाने फेरी पुरी होते, पण तोवर पृथ्वी फिरलेली असते आणि पुढची फेरी दोन हजारांहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडून जाते. तो डोक्यावर कधी येणार हे आधीच गणिताने काढता येतं. ज्याला लपवायचं आहे तो तेवढ्यापुरती जाळी पांघरतो. एका जागी स्थिर राहणारे उपग्रह आहेत, म्हणून तर घरची डिश हलवावी लागत नाही. पण ते ३६,००० किलोमीटरवर. तिथून ट्रक दिसत नाही. ढगांआडचं बघायला रडार लागतं. असाच ईओएस-०९ हा रडारवाला उपग्रह १८ मे २०२५ च्या उड्डाणात आपण गमावला. मधली खिंडारं बुजवायला संख्याच हवी, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये ५२ टेहळणी उपग्रहांना मंजुरी मिळाली. सगळं आधीच दिसत असतं तर हा खर्च कशाला केला असता?

राहिलं पाडापाडीचं. मिशन शक्तीत २७ मार्च २०१९ ला आपण क्षेपणास्त्राने पाडलेला उपग्रह आपलाच होता, जेमतेम २८० किलोमीटरवरचा. जीपीएससारखे दिशादर्शक उपग्रह २०,००० किलोमीटरच्या आसपास फिरतात. तिथवरची पोच त्या चाचणीने सिद्ध होत नाही. चीनने २००७ मध्ये ८६० किलोमीटरच्या आसपास स्वतःचा उपग्रह फोडला, त्याचे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले. त्यातले कित्येक आजही फिरताहेत, आणि तुकडा आपला-परका ओळखत नाही.

आंधळं करायला पाडावंच लागतं असंही नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला, रशियाने युक्रेनवर चाल केली त्याच पहाटे, इंटरनेट पुरवणाऱ्या के-ए-सॅट उपग्रहाच्या जमिनीवरच्या जाळ्यात घुसून हजारो मोडेम निकामी केले गेले. युक्रेनमधली त्याच्यावरची इंटरनेट जोडणी तुटलीच, पण जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरसंपर्कही गेला. उपग्रहाला ओरखडाही उठला नव्हता.